वाजवी मोल आणि मनुष्यऋण

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. हा जाजली इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले मोठी होऊन उडूनही गेली, आणि मग त्याला आपल्या धर्माचरणाचा साहजिकच अभिमान वाटला. परंतु वाराणसीच्या तुलाधार नामक वाण्याची सर तुला नाही असे त्याला ऐकावे लागले, आणि तपाने कृश झालेला हा ब्राह्मण एका दुकानदाराच्या दारी धर्म समजून घेण्यासाठी गेला. आपला तराजू सर्व भूतांना सारखाच आहे, हे तुलाधाराचे म्हणणे सर्वांच्या ध्यानात राहते, कारण ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत रुळला आहे तिला या सद्गुणाची दुर्मिळता वेगळी सांगावी लागत नाही. याच संभाषणात तो पुढे जे बोलतो त्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. जनावरांना नाक टोचून, बांधून, ओझ्याखाली चिरडणाऱ्यांचा तो निषेध करतो, आणि त्याच दमात माणसांनाच दास करून मारहाणीने रात्रंदिवस राबवणाऱ्या माणसांचाही करतो. म्हणजे काटा न मारता माल विकला की वाण्याचा धर्म संपला, असे या वाण्याला वाटत नव्हते. माल दुकानात येईपर्यंत त्याच्यासाठी कोणाची पाठ वाकली याची विचारपूसही त्याच्या लेखी धर्माच्याच कक्षेत येत होती.

हीच विचारपूस अलीकडे ‘फेअर ट्रेड’ या नावाने चालते. हॉलंडात १९८८ साली मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील कॉफी उत्पादकांच्या मालासाठी पहिली खूणचिठ्ठी निघाली, आणि पुढे चहा, कोको, केळी, कापूस हे जिन्नस क्रमाक्रमाने त्या व्यवस्थेत आले. तिची घडण फारशी गुंतागुंतीची नाही. उत्पादकांच्या सहकारी संघाला बहुतेक पिकांचा एक किमान भाव बांधून दिलेला असतो, बाजार त्याखाली कोसळला तरी तो ढळत नाही. शिवाय दर टनामागे काही अधिमूल्य संघाच्या खात्यावर जमा होते, आणि ते विहिरीवर खर्चावे की शाळेच्या खोल्यांवर, याचा निर्णय सभासद आपल्या बैठकीत करतात. कोकोसाठी हे अधिमूल्य २०१९ साली टनाला २४० डॉलर ठरले. व्यवहार एवढाच, परंतु त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि शाळा व गावे या कामात पडू लागल्यापासून तो अधिकच टोचू लागला आहे. ग्राहक जे चार पैसे जास्त मोजतो ते दान आहे की देणे?

दान म्हटले की देणारा उंच आणि घेणारा खाली अशी बैठक आपोआप सिद्ध होते. देणे म्हटले की ती उलटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस याने वाजवी मोलाची चर्चा करताना वस्तू तिच्या मोलाहून महाग विकणे जसे अन्याय्य तसेच ती मोलाहून स्वस्त खरेदी करणेही अन्याय्य, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्राहक हा नेहमी निर्दोष, आणि फसवण्याचा मक्ता तेवढा वाण्याकडे, ही आपली सोयीची समजूत त्याने शिल्लक ठेवली नाही. आपल्याकडे कौटिल्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतकाच मुनाफा व्यापाऱ्याला मान्य केला, तो राज्यकर्त्याच्या दृष्टीने; ग्राहकाच्या अंतःकरणाशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या दृष्टीने मला शतपथ ब्राह्मणातील विचार अधिक मोलाचा वाटतो. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन माणूस जन्मतो हे आपण मुंजीत ऐकतो, पण त्या ग्रंथात चौथे ऋण सांगितले आहे ते माणसांचे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसाला आसरा व अन्न देणे. पितरांना आपण पाहिलेले नसते, तरीही त्यांचे देणे नाकारत नाही. मग ज्याच्या हातच्या कोकोची वडी आपले पोर चघळते त्या घानातील शेतकऱ्याला पाहिलेले नाही, हे देणे टाळण्याचे कारण कसे होईल?

त्या शेतकऱ्याचे काम एकदा जवळून पाहावे. कोकोची फळे खोडालाच धरतात. ती कोयत्याने उतरवायची, फोडायची, आतला पांढरा बुळबुळीत गर लागलेल्या बियांचा ढीग केळीच्या पानांखाली झाकून पाच-सहा दिवस आंबू द्यायचा, मग वेताच्या चटयांवर पसरून उन्हात सारख्या परतत वाळवायच्या, पावसाचे चिन्ह दिसले की गुंडाळायच्या, उघडीप झाली की पुन्हा पसरायच्या. एवढे सारे करून पोते गावच्या खरेदी केंद्रावर गेले की तिथला कारकून काटा मारीत असे, आणि वर्षाची मेहनत त्या एका लोखंडी आकड्यावर हलकी ठरत असे. १९९३ साली, घानातील कोकोची अंतर्गत खरेदी खासगी व्यापाऱ्यांना खुली होत असताना, शेतकऱ्यांनी ‘क्वापा कोकू’ हा संघ काढला, तो या काट्याच्या तक्रारीतूनच. गावागावांतून सभासदांनी आपला नोंदणीदार आपणच निवडला, वजन आपल्या डोळ्यांदेखत व्हावे अशी तजवीज केली, आणि पुढे १९९८ साली इंग्लंडात चॉकलेटची जी कंपनी निघाली तिच्या भागभांडवलातही या संघाने हिस्सा घेतला. एके काळी तो शेकडा ४५ होता. तुलाधाराने दुकानदाराच्या बाजूने सांगितलेला धर्म इथे शेतकऱ्याने आपल्या बाजूने वसूल केला, आणि तो भिक्षा मागून नव्हे, तराजूची दांडी आपल्या हाती घेऊन. मला या चळवळीतले सर्वांत प्रतिष्ठेचे प्रकरण हेच वाटते; खूणचिठ्ठ्या, सप्ताह, फलक हे सारे त्यामागून येणारे.

आता गावाकडे वळू. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात गारस्टँग नावाचा चारेक हजार वस्तीचा दुधदुभत्याचा कसबा आहे. तिथल्या ब्रूस क्राउदर या पशुवैद्याने आणि ऑक्सफॅमच्या स्थानिक मंडळींनी वर्षानुवर्षे दुकानदारांना विनवण्या केल्या व बहुधा नकार घेतले. मग २००० साली त्यांनी महापौर, शाळांचे मुख्याध्यापक, चर्चचे धर्मोपदेशक आणि व्यापारी यांना न्याय्य व्यापाराच्या व गावातल्याच जिनसांनी रांधलेल्या जेवणाला बोलावले. (जेवणाच्या पंगतीत माणसाचे तत्त्वज्ञान पुष्कळ मवाळ होते, हे आपल्या पुढाऱ्यांनाही ठाऊक आहेच.) त्याच वर्षीच्या एप्रिलात जाहीर सभेने ठराव केला, २००१ च्या अखेरीस त्याला रीतसर मान्यता मिळाली, आणि जगातले पहिले ‘फेअर ट्रेड’ नगर अशी त्याची नोंद झाली, आज अशी नगरे दोन हजारांहून अधिक आहेत. जवळचे लँकेस्टर हे अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते, ही गोष्ट गारस्टँगच्या कार्यकर्त्यांनी लपवली नाही, उलट पुढे केली. तिथल्या मुलांना न्याय्य व्यापार शिकवताना आपल्या शेजारच्या गोदीतून कोणती गलबते निघत होती हे प्रथम सांगावे लागते, आणि मग घानातल्या न्यू कोफोरिडुआ या कोकोच्या गावाशी जोडलेले नाते उपकाराचे राहत नाही. त्याला थकबाकीचा वास येतो. हा वास लपवू नये, असे माझे मत आहे.

शाळेचा संबंध इथेच येतो. मुलाच्या हाती खरेदीची थैली नसते, ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती असते. परंतु चौकशी करण्याचा निर्लज्जपणा मुलाजवळ असतो आणि मोठ्यांजवळ तो उरलेला नसतो. म्हणून शाळेने विचारायचे आणि गावाने हिशेब दाखवायचा, अशी ही भागी आहे, आणि दोहोंपैकी एकाने अंग काढले की बाकी उरतो तो केवळ समारंभ. भिंतीवर चित्रे लागतात, खूण असलेली चॉकलेटे विकून निधी जमतो, पाहुण्यांचे भाषण होते, आणि स्वस्तात पुण्य जोडण्याची सवय दहाव्या वर्षी लागते. तिकडे गरीब, इकडे दयाळू, एवढेच त्या मुलाच्या मनावर ठसते. त्यापेक्षा त्याने न्याय्य व्यापाराचे नाव ऐकलेच नसते तरी फारसे बिघडले नसते.

याहून कठीण आणि सच्चा प्रयोग आपल्याच वर्ध्याला झाला होता. १९३५ साली चरखा संघाने सूत कातणाऱ्या बायांना बाजारभावाने नव्हे, तर जगण्यापुरत्या वेतनाने मजुरी द्यायचे धोरण पत्करले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत ही गांधीजींची इच्छा होती, प्रत्यक्षात मजुरी त्याच्या जवळपासही नेता आली नाही, आणि तेवढ्यानेही खादी महागली, तेव्हा भक्त मंडळींतूनच कुरकूर सुरू झाली. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ च्या ऑक्टोबरात, वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरून नई तालीमची योजना पुढे आली. तिच्याविषयी पुष्कळ टीका झाली, आणि शाळेचा खर्च मुलांच्या कताईतून भागवण्याच्या कल्पनेविषयी ती योग्यही होती. पोरांच्या श्रमावर शाळा चालवणे हे न्यायाच्या नावाने अन्यायच ठरण्याचा धोका त्यात होता. तथापि एक गोष्ट त्या योजनेने अचूक हेरली. ज्याने सकाळभर टकळी फिरवून तुटलेला धागा पुन्हा पुन्हा जोडला आहे आणि शेवटी हाती आलेली लडी किती लहान आहे हे पाहिले आहे, त्याला कातणारीच्या मजुरीवर घासाघीस करण्याची लाज वाटते, आणि ती लाज कोणत्याही पाठ्यपुस्तकाने येत नाही.

न्याय्य व्यापारावर एक आक्षेप असा आहे की त्याला मनापासून उत्तर द्यावे लागते. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडा येथील कॉफी, चहा व फुलांच्या पट्ट्यांत पाहणी करून २०१४ साली अहवाल दिला, तो असा की खूणचिठ्ठी असलेल्या भागांतही शेतावर रोजाने राबणाऱ्या मजुरांची स्थिती इतर भागांहून चांगली नव्हती, कित्येकदा वाईटच होती. किमान भाव जमीनधारक सभासदाला मिळाला. त्याच्या बांधावर खुरपणाऱ्या बाईपर्यंत तो पोहोचला नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा करताना सावकार, भट आणि सरकारी कामगार यांची जी साखळी दाखवली, तीत पैसा वर जाताना प्रत्येक कडीला गळत होता. इथे तो खाली येताना गळतो, एवढाच फरक. यावरून सारी चळवळ ढोंग आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण ऋण अपुरे फिटले म्हणून ते ऋणच नव्हते असे होत नाही. मात्र खूणचिठ्ठी पाहून ज्यांची विचारपूस थांबते, त्यांच्या पदरी तुलाधाराने काही पुण्य घातले असते असे मला वाटत नाही.

गारस्टँगच्या मोहिमेत दूरच्या कोकोबरोबर गावातल्या गवळ्यांच्या दुधाचाही विचार होता, आणि मला तो भाग सर्वांत अवघड वाटतो. दूरच्याचे देणे मान्य करणे तुलनेने सुखाचे असते. तो आपल्या दारी येऊन वसुली करीत नाही. आपल्याकडच्या एखाद्या शाळेने उद्या न्याय्य व्यापाराचा संकल्प केला, तर तिला आरंभ कोको किंवा कॉफीपासून करता येणार नाही. तिच्या पडवीत सकाळी खिचडी शिजवणारी बाई, शालेय पोषण आहाराची स्वयंपाकीण, केव्हाची चुलीपुढे बसलेली असते. तिच्या मानधनासाठी केंद्राने २००९ साली महिना १,००० रुपये, तेही वर्षातून दहाच महिने, ठरवले. राज्यांनी आपापली भर घातली, तरी मूळ आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला. दोनशे पोरांचे तांदूळ निवडणे, डाळ धुणे, भांडी घासणे, धुराने डोळे चोळणे, या साऱ्याचे ते मोल आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, समितीचे दप्तर मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, आणि मानधनाचा हप्ता किती महिने अडकला आहे याची नोंद त्यात तारखेनिशी सापडते. सातवीच्या वर्गाने गणिताच्या तासाला ती वही मागून घ्यावी, तिच्या कामाचे तास मोजावेत, तासाला किती पडतात ते फळ्यावर काढावे, आणि तो आकडा समितीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावा.