न दिसणारें दुखणें

ताप आला असें कोणीं म्हटलें तर आपण त्याच्या कपाळावर हात ठेवतों. पाय मोडला म्हटलें तर पायाकडे पाहतों. पण ‘माझें अर्धें डोकें दुखत आहे’ असें जो म्हणतो, त्याच्या म्हणण्याशिवाय आपल्यापुढें दुसरा पुरावाच नसतो. तें म्हणणें खरें मानावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे. आणि त्या परीक्षेंत आम्ही स्वतः वीस वर्षें नापास होत आलों असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा आम्हांस थोडा अधिकार पोंचतो.

अर्धशिशीच्या रोग्यानें कोठें राहूं नये असा प्रश्न निघाल्यास आमच्या वणीचें नांव अवश्य घ्यावें. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी आणि कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ रस्त्यावर एकत्र उडते, आणि दुपारचें ऊन डांबरावरून उसळून डोळ्यांत सुईसारखें शिरतें. आम्हांस तिसाव्या वर्षापासून हें दुखणें आहे. आधीं दृष्टीच्या एका कोपऱ्यांत किल्ल्याच्या तटासारखी दांतेरी, चकाकती रेघ उमटते. ती पसरत पसरत वीस-पंचवीस मिनिटांत निघून जाते, आणि मग उजव्या डोळ्यामागें घण पडूं लागतात. ओकारी येते, उजेड सोसत नाहीं, फोडणीचा वास सोसत नाहीं. पलीकडच्या खोलींत कोणीं भांडें ठेवलें तरी तें आपल्याच कवटीवर ठेवल्यासारखें वाटतें. औषध न घेतल्यास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत हा कारभार चालूं शकतो.

दुखणें नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत जे अकरा शिरोरोग गणले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ आहे, आणि सूर्याबरोबर चढून सूर्याबरोबर उतरणारा ‘सूर्यावर्त’ही आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेननें योजलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच होता. तोच झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. व्हर्जिनिया वुल्फनें १९२६ सालच्या एका निबंधांत, डोकेदुखीचें वर्णन करूं गेल्यास इंग्रजी भाषा आटून जाते, अशी तक्रार केली आहे. मराठीस ती तक्रार लागू पडत नाहीं. ठणका, कळ, तिडीक, चमक, ठसठस, भणभण, शूळ असे शब्द आपल्या आज्यांनीं आपणांस पुरेसे देऊन ठेवले आहेत. मात्र ‘डोकेदुखी’ हा शब्द आपण नळाचें पाणी, कचेरींतील अर्ज आणि न जाणारे पाहुणे यांना इतका सढळपणें लावला आहे कीं, खरोखर डोकें दुखणाऱ्याच्या तोंडीं तो आला म्हणजे त्याची किंमत आधींच उतरलेली असते. शब्द असणें निराळें आणि शब्दावर विश्वास बसणें निराळें.

शास्त्रानें या बाबतींत पुष्कळ केलें आहे. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानें स्वतःच्या डोळ्यांपुढील चकाकत्या रेघेच्या आकृत्या मांडून, मेंदूच्या पृष्ठभागावरून कांहीं तरी दर मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर वेगानें सरकत असावें, असें १९४१ सालीं अनुमान केलें. १९४४ सालीं आरिस्तिदिस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकास सशाच्या मेंदूवर जवळजवळ त्याच वेगानें पसरणारी लाट सांपडली. पुढें ट्रिप्टान नांवाचीं औषधें निघालीं, आणि मस्तकांतील मज्जातंतूंतून सुटणाऱ्या एका द्रव्याचा माग लावून आणखी नवीं औषधें आलीं. त्या कामाबद्दल चार शास्त्रज्ञांस २०२१ सालीं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालें. इतकें होऊनही, अर्धशिशी आहे कीं नाहीं हें ठरविणारी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचें छायाचित्र आजही नाहीं. तीं यंत्रें दुसरा रोग नाहीं एवढेंच सांगतात. मोठ्यांतल्या मोठ्या डॉक्टरासही शेवटीं रोग्यास विचारावें लागतें आणि त्याचें उत्तर खरें मानावें लागतें.

आतां आमच्या घरांत काय होत असे तें सांगतों. आमचें डोकें उठलें म्हणजे खिडक्यांवर जाड चादरी पडत, मुलें चवड्यांवर चालत, आणि दाराशीं आलेल्या माणसास ‘सरांना बरं नाहीं’ असें हलक्या आवाजांत सांगितलें जाई. हें सर्व आमची पत्नी करी. तिचेंही डोकें दुखे. महिन्यांतून एकदां ठराविक दिवसांच्या सुमारास, आणि हरितालिकेच्या निर्जळ उपासाला तर न चुकतां. ती कपाळाला फडकें आवळून बांधी, सुंठ उगाळून लावी, आणि पोळ्या लाटी. त्या फडक्याकडे आम्हीं वीस वर्षें पाहिलें. ‘पित्त झालं असेल’, ‘झोप झाली नसेल’, आणि एकदां तर, हें लिहितांना लाज वाटते, ‘बायकांचं असतंच कांहीं तरी’, असे आमचे अभिप्राय असत. जगांत दर सात माणसांत सुमारें एकास हें दुखणें असतें आणि पुरुषांपेक्षां बायकांत तें दुपटी-तिपटीनें अधिक असतें, हें आम्हीं वाचलें नव्हतें असें नाहीं.

एका मे महिन्यांत, उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, आम्हां दोघांनाही एकाच दुपारीं झटका आला. वीज गेलेली होती. आम्ही अंधाऱ्या खोलींत निजलों होतों. ती आंत आली, ओल्या पंचाची घडी आमच्या डोळ्यांवर ठेविली, आणि भिंतीचा आधार घेत परत गेली. थोड्या वेळानें न्हाणीघरांतून ओकारीचा आवाज आला. तोंड धुऊन ती पुन्हां आली आणि घडी बदलून गेली. आपण उठावें असें आम्हांस वाटलें. आम्ही उठलों नाहीं. रात्रीं दुखणें ओसरल्यावर आम्हीं विचारलें, ‘तुझंही दुखत होतं?’ ती म्हणाली, ‘अहो, तुमचं दुखतं तेव्हां माझं दुखून कसं चालेल?’ यांत राग नव्हता. घरांतला एक नियम तिनें सांगितला, इतकेंच.

‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें’ या म्हणीवर आमची तोंवर श्रद्धा होती. आमचें जळत होतें. कळलें मात्र आमचेंच. स्वतःचें दुःख मनुष्यास दुसऱ्याच्या दुःखाकडे नेतें हा समज कवींनीं फार वाढविला आहे. आमचा अनुभव असा कीं, दुखणें आपणांस हक्काची जाणीव आधीं देतें. दुसऱ्यावर विश्वास ठेवावयाचा तर तो मुद्दाम ठेवावा लागतो. तो अनुभवांतून आपोआप पाझरत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, जो तो डोकें दुखतें म्हणूं लागेल. आमच्या धंद्यांत खोटी डोकेदुखी चांचणी परीक्षेच्या दिवशीं हमखास भेटते, तेव्हां आक्षेप पोकळ नाहीं. पण हिशोब मांडून पाहावा. फसवले गेलों तर आमचें फार तर एक परीक्षा पुन्हां घेण्याचें काम वाढतें. खऱ्यास खोटें ठरविलें तर तो विद्यार्थी डोळे मिटत, घण सोशीत तीन तास बाकावर बसतो. दुसऱ्याच्या खर्चानें सावध राहण्यास आम्ही पूर्वीं व्यवहारज्ञान म्हणत असूं.

उपायांविषयीं थोडक्यांत सांगतों. सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी खाण्याचा प्रयोग आम्हीं महिनाभर केला. डोकें थांबलें नाहीं, जिलबीची चटक मात्र लागली. नाकांत साजूक तूप सोडलें, वैद्यांचें नस्य घेतलें. थोडें बरें वाटलें असेल. वेदनाशामक गोळ्यांनीं बरें वाटे, म्हणून त्या वाढल्या. आणि साध्या गोळ्या महिन्यांतून पंधरा दिवस किंवा अधिक, असें कांहीं महिने घेत राहिल्यास त्या गोळ्याच डोकेदुखी उत्पन्न करूं लागतात, हें डॉक्टरांनीं सांगेपर्यंत आम्ही त्या खड्ड्यांत उतरलों होतों. आतां ठरल्या वेळीं झोप, ठरल्या वेळीं जेवण, उन्हांत टोपी व काळा चष्मा, दुखण्याची टिपणवही, आणि झटक्याच्या आरंभींच डॉक्टरांनीं दिलेली एक गोळी, एवढें उरलें आहे. गोळी स्वतः गिळतां येते. अंधार, शांतता आणि वेळेवर ताट हीं दुसऱ्या कोणाच्या तरी हातून यावीं लागतात.

टिपणवहींत आतां दोन रकाने आहेत. दुसरा रकाना पत्नीचा. तो आमच्याहून लांब भरतो. उपाशी राहण्यानें झटका येतो हें त्यांत स्पष्ट दिसल्यावर आम्हीं शास्त्राधार काढला: पाणी, मुळें, फळें, दूध आणि औषध यांनीं व्रत भंगत नाहीं असें जुनें वचनच आहे. गेल्या हरितालिकेला तें तिला वाचून दाखविलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, ‘डोकं माझं आहे, व्रतही माझं आहे.’ यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिचें दुखणें खरें मानावयाचें आणि तिचा निश्चय मात्र खोटा ठरवावयाचा, हें कसें जमावें? संध्याकाळीं आम्हीं खिडक्यांवर चादरी टाकल्या, घरांतला आवाज बंद केला, आणि पंचा भिजवून उशाशीं ठेवला. रात्रीं साडेनऊला तिचें डोकें धरलें.