अंग काढून घेणे

स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना भगवंतांनी दुसऱ्या अध्यायाच्या ५८ व्या श्लोकात कासवाची उपमा योजिली आहे. कासव आपली अंगे आवरून घेते, तसा जो इंद्रियांना विषयांपासून आवरतो त्याची बुद्धी स्थिर होय. या श्लोकाचा आधार घेऊन कित्येक गृहस्थ कर्तव्याकडे पाठ फिरवितात. धाकटा भाऊ अंथरुणास खिळलेला, भावजय मदतीची वाट पाहत आहे, आणि वडील बंधू मात्र ‘आम्ही संसारातून अंग काढून घेतले’ असे म्हणून माळ ओढीत बसले आहेत! हा कूर्माचा धर्म आहे काय?

उपमेचे मर्म जाणावयाचे तर आधी कासवाकडे नीट पाहिले पाहिजे. आपल्याकडील तळ्यांत व भातखाचरांत मऊ पाठीचे एक लहान कासव राहते. त्याच्या पोटाकडील ढालीस मागे मांसल झडपा असतात. पाय आत घेतले की त्या मिटतात. उन्हाळ्यात तळे आटले म्हणजे ते चिखलात शिरून निपचित पडते. पाहणाऱ्यास ते विरक्तच वाटावे! परंतु पाऊस पडताच ते बाहेर येते आणि बेडूक, मासे, गोगलगायी, मिळेल ते खाऊ लागते. विषय सुटले तरी त्यांची गोडी उरते, असे भगवंतांनी लगेच पुढच्या श्लोकात बजाविले आहे ते उगीच नव्हे. नुसते मिटून राहणे आटलेले तळेही करविते.

चंबळ नदीत ‘साल’ नावाचे मोठे कासव आहे. आता त्याची मुख्य वस्ती तेथेच उरली आहे. मादीला खोल पाण्यात सुरक्षितता असते. तरीही मार्च-एप्रिलच्या सुमारास ती उघड्या वाळूवर चढते. तेथे तिची चाल मंद आणि कोल्ह्यांचे भय, पण त्या वेळी ती पाय आवरून बसत नाही. त्याच पायांनी खड्डा खणते, अंडी घालते व वाळूने बुजविते. जे कासव भयाच्या वेळी अंग आत घेते, तेच कार्याच्या वेळी बाहेर काढते. आवरणे आणि पसरणे दोन्ही त्याच्या स्वाधीन आहेत. उपमेचा रोख या स्वाधीनतेवर आहे. म्हणूनच ६४ व्या श्लोकातील संयमी पुरुष रागद्वेष टाकून विषयांत वावरतो, पळून जात नाही.

कासवी नुसत्या दृष्टीने पिले पोसते, असे आपल्या संतांनी म्हटले आहे. भक्तिभावास ते शोभते. चंबळची मादी मात्र खड्डा बुजवून पाण्यात परतते. पावसाळ्यापूर्वी पिले वाळूतून वर येतात आणि आपली आपण नदीकडे निघतात.