काट्याची साक्ष

जे आपल्याला कळलेच नाही, त्याचा दोष आपल्यावर येतो काय? हा जुनाच प्रश्न मला पुन्हा भेटला तो कुंभकोणमच्या एका गॅरेजात.

तंजावरहून निघण्यापूर्वी मोटारीची पाण्याची नळी बदलून घेतली होती. वाटेत डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येई. मी तापमानाच्या काट्याकडे पाही. तो खालीच असे. मी निर्धास्त होतो. कावेरी आणि अरसलार यांच्यामधल्या त्या गावात शिरताना बॉनेटखालून वाफ उसळली, तरी काटा जागचा हलला नव्हता.

मिस्त्रीने झाकणाला हात लावला नाही. आतले उकळते पाणी दाबाखाली असते. इंजिन निवेपर्यंत त्याने मला पितळी पेल्यातली कॉफी पाजली आणि मग सांगितले, काटा बिघडलेला नाही. नळी बदलताना आत हवा कोंडली होती, आणि तापमान मोजणारे टोक नेमके त्या पोकळीत उघडे पडले होते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. पाण्याचा स्पर्श तुटल्यावर त्या टोकाला शेजारचा दाह कळावा कसा? सपाट मुलखात चढ मिळेना, म्हणून मिस्त्रीने पुढची चाके फळ्यांवर चढवून झाकण सर्वांत उंच आणले, हीटर पूर्ण उघडला आणि झाकण काढून इंजिन मंद चालू ठेवले. थर्मोस्टॅट उघडल्यावर तो नळी चेपू लागला, तसे बुडबुडे वर आले. पाणी खाली जाई, तो पुन्हा भरी. भरलेली म्हणून आणलेल्या गाडीत आणखी दीड लिटर पाणी मावले!

काटा खोटे बोलला नव्हता. जिथे होता तिथले खरे तेच सांगत होता. परमुलखात कारभार करणाऱ्याला अशा काट्यांवाचून गत्यंतर नसते. १८२८ साली याच गावी जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाण झाले; त्यांनाही ते चुकले नसेल.

मला माझीच एक सही आठवली. एका खेड्याच्या पाणीयोजनेवरचा 'तक्रार नाही' हा शेरा मी मान्य केला होता. तक्रारवही खरोखरच कोरी होती. पण ती तालुक्याच्या कचेरीत होती आणि पाणी भरणाऱ्या बायका गावात. कागद पाहून सही केली, यात दोष कसला, असे मी वर्षानुवर्षे स्वतःला सांगत आलो. परंतु त्या गावचा आमचा शिपाई एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाला होता, "साहेब, आमच्याकडे पाणी रात्री दोनला येतं."

मी वही मागवली. ती कोरी होती.