डोक्यावर हात नको

लहान मूल दिसलं की माझा हात आपोआप त्याच्या डोक्याकडे जातो. वासरू दिसलं तरी जातो. साताऱ्याकडची जुनी सवय. गेल्या सप्टेंबरात यॉर्कशरमधल्या एका शेतावर मात्र तो हवेतच थांबवावा लागला. "डोक्याला नको," शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या. "मानेला लावा, तेही बाजूने. आणि तिला जायचं असेल तर जाऊ द्या."

समोर अल्पाका उभी होती. कपाळावर केसांचं टोपलं, त्याखाली काळेभोर डोळे, उंटाच्या घराण्यातली लांब मान. माझा हात थांबला तशी तीही थांबली. मी हात खाली घेतला, तेव्हा कुठे तिने मान पुढे काढून माझ्या कोटाचं बटण हुंगलं.

मुलगी लीड्सला असते. नातवाला जनावरं दाखवायला म्हणून आम्ही रविवारी तिथे गेलो होतो. शेत छोटंच, नवरा-बायकोचं. नवरा आठवड्याचे चार दिवस नोकरीला जातो, कारण अकरा अल्पाकांच्या लोकरीवर घर चालत नाही. खरं तर याच भागाने एकेकाळी या लोकरीवर गाव उभं केलं. टायटस सॉल्ट नावाच्या ब्रॅडफर्डच्या गिरणीमालकाने 1836 च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेले, कुणालाच नको असलेले अल्पाका-लोकरीचे गठ्ठे पाहिले आणि विकत घेतले. त्यावर एवढा पैसा केला, की 1853 मध्ये त्याची भलीथोरली गिरणी सुरू झाली आणि तिच्या आसपास कामगारांसाठी सॉल्टेअर वसलं. लोकर पेरूहून गठ्ठ्यांत यायची. तिथल्या कामगारांपैकी किती जणांनी जिवंत अल्पाका पाहिला असेल, कुणास ठाऊक. आता लोकरीला तो भाव नाही आणि जनावर मात्र दारात आहे.

माद्यांना त्यांनी यॉर्कशरच्या नद्यांची नावं दिली आहेत : स्वेल, निड, एस्क. आपल्याकडे मुलींना देतात तशी. नरांची नावं नवऱ्याने ठेवली, म्हणजे अर्थातच क्रिकेटवाल्यांची. फाटकाशी एक खच्ची केलेला तपकिरी नर उभा होता, गाडी आली तरी न हलणारा. त्याचं नाव बॉयकॉट. 1967 मध्ये लीड्सच्याच मैदानावर आपल्याविरुद्ध नाबाद 246 काढूनही संथ खेळला म्हणून पुढच्या कसोटीत बसवलेला तो बॉयकॉट. मला ते नाव फारच आवडलं. नातवाला त्यातलं काही कळलं नाही.

स्वेल ही कळपाची पाटलीण. खाद्याची बादली आली की आधी तिने तोंड घालायचं, मग बाकीच्यांनी. एस्क मध्येच घुसली, तेव्हा स्वेलने कान मागे पाडले, हनुवटी आभाळाकडे केली, नाकातून एक फुस्स सोडली. एवढ्या तीन सूचना मिळूनही एस्क हटली नाही. मग थुंकी. आणि ती थुंकी म्हणजे नुसती लाळ नव्हे, पोटातून वर आलेला हिरवा, आंबलेला चाऱ्याचा लगदा. एस्कच्या कानावर निम्मा, माझ्या बाहीवर निम्मा. वास दोन दिवस गेला नाही. गंमत पुढेच. थुंकल्यावर स्वेलचाच खालचा ओठ लोंबायला लागला, तोंड उघडंच राहिलं, बादली समोर असून खाता येईना. स्वतःच्याच थुंकीची चव. पाच-सात मिनिटं ती तशीच वेड्यासारखी उभी होती आणि एस्क शांतपणे बादली संपवत होती.

या सगळ्यात निड सगळ्यांत गुणी वाटली. अंगाला हात लावू देते, हलत नाही, कुरकुरत नाही. मी म्हटलं, ही अगदी गरीब गाय दिसते. बाई हसल्या. "सगळ्यांना असंच वाटतं. ती शांत नाहीये, घाबरली आहे. घाबरली की थिजते." उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षातून एकदा लोकर कातरायची असते. पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून जनावर आडवं करतात. त्या दिवशी स्वेलसारखी भांडखोर गपचूप पडून राहते आणि निडच्या किंकाळ्या शेजारच्या शेतापर्यंत जातात. ऐकताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण नातेवाइकांतल्या दोन-तीन बायकांना मी जन्मभर 'शांत स्वभावाची' म्हणत आलो आहे.

स्वभाव ओळखायचा कसा, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रत्येकीचं अंतर ठरलेलं असतं. स्वेल चार फुटांवर थांबते. एस्क थेट अंगावर येते, पण हात पुढे केला की पळते. निड जवळ येते असं वाटतं, प्रत्यक्षात आपणच तिच्याजवळ गेलेले असतो. हे अंतर मोजायला त्यांना दोन वर्षं लागली. आणि हो, प्रत्येकीचा हुंकारही वेगळा. अल्पाका हंबरत नाही, ओरडतही क्वचितच. नाकातल्या नाकात 'म्म्म' असं गुणगुणते. कंटाळली तरी, काळजीत असली तरी, पिल्लू नजरेआड झालं तरी. पाठमोरं उभं राहूनही हुंकार कुणाचा, ते बाई सांगत होत्या.

हे मला परकं वाटलं नाही. आमच्या आजीची म्हैस आजीशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. आजी पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा काकाने तिचं लुगडं अंगावर गुंडाळून धार काढली होती. सगळ्या आळीने ते पाहिलं, काकाला पुढे वर्षभर चिडवलं. आजी त्या म्हशीच्या डोक्यावर हात ठेवायची का, ते खूप आठवून पाहिलं. कासेवर, पाठीवर ठेवायची. डोक्यावर ठेवलेला काही आठवत नाही.

मग मी सहज विचारलं, "यांतला सगळ्यांत माणसाळलेला कोणता?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. हौदात पाणी सोडलं, नळ बंद केला. मग म्हणाल्या, तो आता नाही.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. अल्पाकाच्या पिल्लाला 'क्रिया' म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, आपल्या क्रियेशी संबंध नाही. साडेअकरा महिने पोटात राहून सात-आठ किलोचं एकुलतं एक पिल्लू जन्मतं. हे पिल्लू जन्मलं आणि चौथ्या दिवशी आई गेली. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात आणलं, चुलीशेजारी बिछाना केला, रात्री उठून बाटलीने दूध पाजलं. ते त्यांच्या मागे जिन्याने वर यायचं. मुलं मांडीवर घ्यायची. पाहुणे फोटो काढायचे. इतका लाघवी अल्पाका कुणी पाहिला नव्हता.

दोन वर्षांचा होऊन तो वयात आला. एका सकाळी फाटक उघडलं, तर तो छातीने येऊन बाईंवर आदळला. त्या पडल्या, तर गुडघ्याला चावला. पुन्हा उठू देईना. एका नराने दुसऱ्या नराशी भांडावं, तसाच भांडत होता. जे पिल्लू आपल्या कळपाऐवजी माणसांत वाढतं, ते माणसालाच अल्पाका समजायला लागतं. मादी असेल तर फार तर अंगचटीला येते. नर असेल, तर वयात आल्यावर माणूस त्याचा प्रतिस्पर्धी होतो. पाळणाऱ्यांत ही गोष्ट सगळीकडे ठाऊक आहे, त्याला 'चवताळलेला नर' अशा अर्थाचं नावही आहे. बाईंना तेव्हा ठाऊक नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग डॉक्टर आला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. बॉयकॉट फाटकाशी होता तिथेच होता.

आम्ही निघणार तेवढ्यात बाई घरातून दुधाची बाटली घेऊन आल्या. यंदाही एक पिल्लू होतं, एस्कचं, दोन महिन्यांचं, नर. एस्कला दूध कमी. पण हे कळपातच राहतं, रात्रीही. बाई मैदानात गेल्या, बाटली कुंपणाच्या उंचीवर तिरकी धरली. पिल्लू धावत आलं, शेपूट हलवत चोखायला लागलं, पांढरा फेस हनुवटीवरून गळायला लागला. नातू म्हणाला, "कित्ती गोड!" खरंच होतं. बाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. तोंड दुसरीकडे, दूर रस्त्याकडे. दुसरा हात जाकिटाच्या खिशात खोल खुपसलेला, इतका की खिशाच्या कापडावरून मुठीचा आकार दिसत होता. बाटली संपली. त्या एक शब्द न बोलता वळल्या आणि चालायला लागल्या. पिल्लू चार पावलं मागे आलं, थांबलं. तिकडून एस्कने 'म्म्म' केलं. ते तिच्याकडे पळालं.

गाडीकडे जाताना नातू माझ्या पुढे पुढे चालत होता. या वर्षी तो नऊ पूर्ण करेल. मी लाडाने केस विस्कटायला गेलो की हल्ली तो मान किंचित खाली घालून निसटतो, आणि मी दर वेळी पुन्हा हात पुढे करतो. त्या दिवशी गाडीपर्यंत मी दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवले. थंडीही होतीच.