वस्तऱ्याचा शेवटचा दगड

चि. मिहीर,

आजोबांचा वस्तरा तू वापरायला काढलास, वाचून फार बरं वाटलं. आता शेवटचा हात द्यायला दगड कोणता घ्यावा, आठ हजारी, बारा हजारी की तीस हजारी, असं विचारतोस. आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक, पण त्या आकड्याच्या मागे लागू नकोस. शेवटचा दगड धार काढत नाही. आधी निघालेल्या धारेवरचे ओरखडे तेवढे बारीक करतो. एक हजारीवर पात्याच्या दोन्ही बाजू टोकाशी नीट मिळाल्या नसतील, तर पुढचा कितीही महागडा दगड त्या टोकापर्यंत पोचत नाही. दाढी ओढते आणि खापर दगडावर फुटतं.

सलूनमध्ये हल्ली अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच, पण पाजवणारा हात समोर बघायची सोय त्यामुळे गेली. म्हणून सविस्तर लिहितो.

कारखान्यातल्या दगडाचे कण एकसारखे असतात. जपानी नानिवा कंपनीचा बारा हजारी घेतलास, तर रोज तोच अनुभव येईल. त्यात वावगं काही नाही. अमेरिकेतल्या आर्कान्साचा दगड म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. फार कठीण, फार सावकाश. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मन मात्र बेल्जियमच्या कॉटिक्यूलवर आहे. आर्देनच्या डोंगरात, व्हीलसालम गावाच्या परिसरात निळसर-जांभळ्या पाटीच्या दगडात याचे पिवळसर, पातळ थर सापडतात. त्यात तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, अतिसूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात. कण अनेक पैलूंचे, त्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाहीत आणि धार त्वचेला मऊ लागते. दगड ठिसूळ असल्याने बहुधा खाली पाटीचा थर चिकटवलेला असतो. नैसर्गिक असल्याने एकासारखा दुसरा नसतो, म्हणून त्याला नेमका आकडाही देता येत नाही.

घेताना दगड ओला करून बघ. पृष्ठभागावरून नख फिरव. एखाद्या रेघेत ते अडकलं, तर तो दगड नको. सहा इंच लांब आणि दीड इंच रुंद असला तरी वस्तऱ्याला पुरतो. सोबत त्याच दगडाचा छोटा तुकडा जरूर घे.

सहाणेवर चंदन उगाळावं तसा तो तुकडा ओल्या दगडावर उगाळ. दुधाळ पाणी सुटेल. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवून, धार पुढे करून पातं सरकव. दाब नको. थोड्या थोड्या फेऱ्यांनी पाण्याचा एकेक थेंब टाकत ते दूध पातळ करत जा आणि शेवटी फक्त स्वच्छ पाण्यावर हात फिरव. धारेपुढचं पाणी पात्यावर सहज चढू लागलं, की काम होत आलं असं समज. मग चामड्याचा पट्टा; तिथे मात्र पाठ पुढे आणि धार मागे.

नवा दगड सपाट असेलच असं धरून चालू नकोस. जाड काचेवर वॉटर पेपर ठेव, दगडावर पेन्सिलीने रेघा मार आणि त्या साऱ्या पुसल्या जाईपर्यंत घास.

माझं मत विचारशील, तर एक हजारी दगड आणि एक छोटा कॉटिक्यूल, एवढंच घे. वर्षभर तिसऱ्या दगडाकडे बघू नकोस. पैसे उरले तर चांगल्या पट्ट्यात घाल.

तुझा,
अण्णाकाका