एकेक मणी

निफाडच्या नानांचा नियम साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. द्राक्षांच्या क्रेटमध्ये डागाळलेला एक मणी दिसला की अख्खा क्रेट बाजूला. निर्यातीचा माल, त्यामुळे कुणी वाद घालत नसे. हळूहळू माणसांनाही तोच नियम लागू झाला. ऑक्टोबर छाटणी चालू असताना नाना पुतण्याकडे हंगेरीला गेले होते. सकाळीच मुलाचा फोन आला, कुणीतरी एका ओळीतल्या काड्या फारच आखूड कापल्या होत्या. "पेठच्या मजुरांची सगळी टोळी परत पाठव," नाना म्हणाले.

त्या दिवशी ते तोकाय बघायला गेले. बोद्रोग नदी तिसाला मिळते तिथलं हे जुनं गाव. इथल्या द्राक्षप्रदेशाची हद्द राजाज्ञेने 1737 मध्येच ठरली होती. गाइड बाईंनी गल्ल्यांतून फिरवत मळ्यात आणलं आणि नाना थबकलेच. घडातले अर्धे मणी मनुक्यांसारखे सुकलेले, वर राखाडी बुरशी!

"एवढं होईपर्यंत फवारणी नाही?"

"पाऊस लागून राहिला तर हीच बुरशी आमचंही पीक खाते," बाई म्हणाल्या. "पण सकाळी नदीवरून धुकं आणि दुपारी ऊन मिळालं, तर ती सालीला बारीक भोकं पाडते. पाणी उडतं, साखर उरते."

"मग हा घड तोडायचा?"

"घड नाही, मणी. सुकलेले वेगळे, टवटवीत वेगळे, खरंच नासलेले खाली. दिवसभर खपून एका माणसाचे जेमतेम आठ-दहा किलो होतात."

नाना मनातल्या मनात मजुरीचा हिशेब मांडू लागले. तो काही जुळेना.

तळघराच्या भिंतींवर मखमलीसारखी काळी बुरशी होती. "हीच का ती?" "नाही, ही वाइनच्या वाफेवर जगते." चव घेण्याची वेळ आली, तेव्हा पुतण्याने त्याच सुकलेल्या मण्यांच्या 'आसू' वाइनचा पेला पुढे केला. नाना माळकरी. त्यांनी पेला नुसता हुंगला. मध, जर्दाळू... पुन्हा हुंगला.

बाहेर येताच त्यांनी फोन लावला.

"टोळी गेली का रे?"

"उद्या सकाळच्या गाडीने निघतायत."

"थांबव. ती ओळ कापली कुणी?"

"विचारलं नाही. तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना..."

"आता विचार. आणि कुणी नवखा पोरगा असेल, तर काडीवर किती डोळे ठेवायचे हे त्याला दाखवलं होतं का, तेही विचार."