एका रात्रीचा पाहुणा

मांद्र्याला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. पलंग, गादी, मच्छरदाणी, गॅस, कुकर, चार ताटं, सगळं आत. ऑक्टोबर ते मार्च त्या भाड्याने जातात आणि महिन्याच्या खाली मी कुणाला देत नाही. माणूस एक रात्र राहो की तीस, चादरी धुवायच्याच. परदेशी असला तर त्याची सरकारदरबारी नोंदही करायची.

गेल्या जानेवारीत दिवेलागणीला एक म्हातारी आणि तिचा मुलगा दारात आले. एकच रात्र हवी होती. एक खोली पाच दिवस रिकामी होती, तरी मी ‘महिन्याच्या खाली नाही’ म्हटलं. म्हातारी पायरीवर टेकली, पाणी मागितलं. तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि तो हलत होता. पाणी पिऊन ती उठली.

रात्री मला कठोपनिषदातला नचिकेत आठवत राहिला. यमाच्या दारी तो तीन रात्री उपाशी होता. यम परतला आणि रात्रीमागे एक असे तीन वर त्याने दिले. यमाने रात्री मोजल्या त्या देणं म्हणून. मी मोजते त्या येणं म्हणून.

मुक्काम किती, याचा विचार आपल्याकडे कमी झालेला नाही. मनुस्मृती एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हणते. जैन साधू पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहतात, पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून; एरवी एका गावी महिन्याहून जास्त थांबत नाहीत, जागेची माया जडू नये म्हणून. संन्यासी तर पक्षालाच महिना धरतात आणि आषाढी पौर्णिमेला बसलेला चातुर्मास भाद्रपद पौर्णिमेला पुरा करतात. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सगळं ठरलेलं. पण साधूने ते बंधन स्वतःच्या पायांना घातलंय. मी माझं घातलं दुसऱ्याच्या पायांना, तेही ते थकलेले असताना.

जाऊबाई म्हणतात, घर चालवायचंय की धर्मशाळा? त्यांचं खोटं नाही, याच भाड्यातून धाकटीची फी जाते. महिन्याचा नियम मी मोडलेला नाही. पडवीत मात्र एक खाट टाकली आहे, तिचं भाडं घेत नाही. परवा पंक्चर झालेला एक मुलगा तिथे झोपला. सकाळी चादर धुऊन दोरीवर टाकली, दुपारपर्यंत वाळली.